उलटं माप

जुन्या मोटारसायकलींच्या मेळाव्याच्या दिवशी घरात भांडण होणार हे ठरलेलंच असायचं. प्रश्न एवढाच, की चहाच्या आधी की चहानंतर. यंदा ते आई चष्मा शोधत होती तेव्हाच सुरू झालं.

"गाडी काचेत जाणार," थोरला म्हणाला. "माझ्या दुकानात पुढच्या काचेमागे जागा केली आहे. वरून दिवासुद्धा लावलाय."

"ती गाडी आहे, मासा नाही," धाकटी म्हणाली. "काचेत ठेवून तिला खायला काय घालणार आहेस?"

"मग तू काय करणार? तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पोरांना आपटायला देणार?"

"चालवणार. चाकं असलेल्या वस्तूचं जे करतात ते."

आईला चष्मा सापडला. तो डोक्यावरच होता. तिने तो खाली ओढला आणि दोघांकडे असं पाहिलं की दोघं जागच्या जागी दहा वर्षांची झाली. निम्मं आयुष्य तिने मुख्याध्यापकीत घालवलं होतं. शाळेतून ती निवृत्त झाली, पण घरातली शाळा काही सुटली नव्हती.

"कोणाला द्यायची ते तुमचे अप्पा ठरवतील," ती म्हणाली. "मला एवढंच कळतं, की आज ती त्यांच्या हातून सुटायला हवी. तुझ्याकडे जावो, हिच्याकडे जावो, नाहीतर भंगारात जावो."

भंगार हा शब्द त्या घरात शिवीपेक्षा वाईट मानला जाई. दारात बसून बूट पुसणाऱ्या काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"वहिनी, सकाळी सकाळी असं अभद्र बोलू नका हो."

"भावजी, तुम्ही तर बोलूच नका. तो लोखंडाचा सांगाडा ह्यांच्या पायावर पडला तेव्हा तुम्ही भिंतीपलीकडे घोरत होता."

काका फडकं उचलून पुन्हा बूट पुसू लागले. गेल्या थंडीतल्या त्या सकाळबद्दल कोणाला काही बोलायची सोय उरली नव्हती. स्टँडवरून उतरवताना गाडी कलंडली आणि अप्पा खाली सापडले. पडले ते पडले, पण त्यांनी हाक मारली नाही. हाक मारली असती तर घरच्यांनी गाडी बंद केली असती, म्हणून हा माणूस अंगणातल्या गार फरशीवर पाय अडकलेल्या अवस्थेत मुकाट पडून राहिला, आई दूध घ्यायला बाहेर येईपर्यंत. पडण्याबद्दल तिने त्यांना केव्हाच माफ केलं होतं. गप्प राहण्याबद्दल अजून केलं नव्हतं. उजवा गुडघा बरा झाला, चालता येऊ लागलं, पण त्या पायात आता किक मारण्याचं बळ राहिलं नव्हतं. गाडी चालवायचे ते, पण सुरू करून द्यायला कोणीतरी लागायचं, आणि ते कोणीतरी शोधत अंगणात उभे असलेले अप्पा पाहिले की आई पाठ फिरवून आत जायची. यंदाच्या मेळाव्यात गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची, असं तिने त्यांना सांगितलं तेव्हा ते "ठीक आहे" म्हणाले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात अप्पांच्या "ठीक आहे"चा अर्थ ठीक आहे असा कधीच निघाला नव्हता.

*

अप्पा तेव्हा मागे वर्कशॉपमध्ये होते आणि तेलाचं माप हातात घेऊन उभे होते.

गाडी म्हणजे यामाहाची साडेतीनशे, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची. तिच्या टाकीवरचा जांभळट रंग अप्पांनी स्वतः तीनदा दिला होता आणि तिन्ही वेळा तो पहिल्यासारखा आला नाही म्हणून हळहळले होते. टू-स्ट्रोकला पेट्रोलबरोबर तेल जाळावं लागतं. जपानी लोकांनी त्यासाठी इवलासा पंप दिलेला होता, पण जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर अप्पांचा विश्वास नसे. त्यांनी तरुणपणीच पंप काढून फडक्यात गुंडाळून ठेवला आणि तेव्हापासून टाकीत पेट्रोल भरलं की वरून स्वतःच्या हाताने तेल ओतायचं, अशी घरची रीत पडली. माप म्हणजे एक स्टीलचा पेला. मुलं लहान असताना त्यातून त्यांना खोकल्याचं औषध मिळायचं. त्याच्या काठाला आणि बुडाला, दोन्हीकडे कडी लावून दोरी ओवली होती आणि तो खिळ्याला टांगलेला असायचा. पेला सरळ असेल तर तेल घालायचं राहिलंय. तोंड खाली असेल तर घातलंय. मुलांना अक्षरओळख व्हायच्या आधी हे कळत होतं.

अप्पांनी सकाळीच टाकी नेहमीएवढी भरली होती. तेलही घातलं होतं, डोळा लावून, अगदी पेल्यातल्या रेघेपर्यंत. आता पेला उलटा टांगायचा तेवढा बाकी होता.

त्यांनी तो सरळ टांगला.

मग दोन पावलं मागे येऊन त्याच्याकडे पाहिलं. स्वतःच्या गाडीत जास्तीचं तेल घालण्याचं पाप त्यांच्या हातून झालं नसतं. पण पेला सरळ दिसला तर थोरला नाहीतर धाकटी, कोणीतरी घालणारच. दुप्पट तेलाने इंजिनाचं काही बिघडत नाही. फक्त ती कुरकुरते. पहिल्या तीन किकांना तर नक्की दाद देत नाही. आणि मेळाव्याचा नियमच तसा होता: गाडी हात बदलणार असेल तर नव्या माणसाने सगळ्यांसमोर तीन किकांत ती सुरू करायची. मधे प्लग काढून पुसायला परवानगी, टाकीला आणि कार्बोरेटरला हात लावायचा नाही. तीन किकांत झाली तर त्याची, नाहीतर पुढच्या मेळाव्यापर्यंत जुन्याचीच. हा नियम अप्पांनीच घातला होता, एका मित्राने रागाच्या भरात आपली सुझुकी देऊन टाकली आणि मग आठवडाभर रस्त्याच्या कडेला तिची वाट पाहत बसला, त्यानंतर.

"एकच वर्ष," ते गाडीला म्हणाले. "फार मागतोय का?"

अप्पांनी हात पुसले आणि ते घाईघाईने बाहेर पडले, चोरी केल्यासारखे. चोरीच होती ती.

*

थोरला वर्कशॉपमध्ये आला तो धुमसतच. ज्या घराचे पडदे टू-स्ट्रोकच्या धुराने पिवळे पडले त्या घरातला मुलगा बॅटरीवरच्या, आवाज न करणाऱ्या स्कूटर विकतो, यावरून मेळाव्यात दरवर्षी विनोद व्हायचे. तो हसायचा. पण याच वर्कशॉपमध्ये शाळा सुटल्यावर स्पोक घासत मोठा झाला होता तो, आणि गाडी आपली आहे असं त्याने केव्हाचंच धरून ठेवलं होतं. कोणी दिली नव्हती, त्याने मागितली नव्हती. असल्या गोष्टी मागायच्या असतात का?

त्याची नजर सवयीने खिळ्याकडे गेली. पेला सरळ.

"विसरले," तो हळूच म्हणाला आणि त्याचा राग उतरला.

हे नवं नव्हतं. उन्हाळ्यात एकदा त्याने दोन गिऱ्हाइकांसमोर सांगितलं होतं, "अप्पा, तेल राहिलंय." त्यानंतर कित्येक दिवस अप्पा जेवायच्या टेबलाशी पाहुण्यासारखे बसत होते, मीठसुद्धा मागत नव्हते. तेव्हापासून थोरल्याने एक युक्ती काढली. पेला सरळ दिसला की गुपचूप तेल घालायचं आणि पेला होता तसाच, सरळ, टांगायचा. उलटा टांगला तर अप्पांना कळणार की आपण विसरलो आणि कोणीतरी निस्तरलं. त्यापेक्षा नको.

गाडी आज कोणाकडे जाणार, कोणास ठाऊक. पण कोणाकडेही गेली तरी पिस्टन जाम व्हायला नको. त्याने तेल घातलं, पेला पुसला, सरळ टांगला आणि पुन्हा धुमसायला बाहेर गेला.

*

अंगण भरलं. बेकरीवाला आपल्या होंडावर आला, चार सिलिंडरची, धुराच्या चार नळकांड्यांची. मागच्या पेटीत गरम पाव. दातांचे डॉक्टर आले ते कावासाकी ढकलत, कारण ती कोपऱ्यावर बंद पडली होती आणि ती कोपऱ्यावर बंद पडली नसती तर लोकांना काळजी वाटली असती. काकांची सुझुकी आधीच सावलीत उभी होती. आणखी दहाबारा जण, सगळ्यांच्या बाह्यांना ग्रीस, सगळ्यांच्या बायका एकतर घरी नाहीतर आईशेजारी, एकाच चेहऱ्याने.

या मेळाव्याची एक रीत होती. गाडीचं कौतुक करायला बंदी. प्रत्येकाने उभं राहून आपल्या गाडीची एक तक्रार सांगायची, बस.

"माझी बया," बेकरीवाला म्हणाला, "चार कार्बोरेटर आहेत आणि चौघांची चार तोंडं. तिघांना समजावलं की चौथा रुसतो. रविवार माझा त्यांच्या मनधरणीत जातो. बायको म्हणते, माझी एकदा केली असतीत तर."

"केलीत का?" कोणीतरी विचारलं.

"तिला एकच कार्बोरेटर आहे, पण त्याचा स्क्रू सापडत नाही."

बेकरीवाल्याच्या बायकोने आईशेजारून त्याला पाव फेकून मारला.

डॉक्टर उठले. "ही मला पोलिसांपासून, पावसापासून, सासऱ्यापासून पळवून नेऊ शकते. फक्त वळणं सोडून. वळण आलं की हिला सरळच जायचं असतं. कुंपणातून दोनदा गेलोय. तक्रार एवढीच, की दोन्ही वेळा हिला एक ओरखडा नाही."

काका म्हणाले, "माझी फक्त मी असताना बंद पडते. मेकॅनिक आला की सुरू. डॉक्टरकडे गेल्यावर जसा आपला दात दुखायचा थांबतो."

सगळे हसले आणि सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांची तक्रार दरवर्षी सगळ्यात लांबलचक असायची. एका वर्षी त्यांनी फक्त साइड स्टँडवर अर्धा तास काढला होता.

अप्पा उठले. एका हाताने त्यांनी सीट धरली.

"माझी काही तक्रार नाही," ते म्हणाले.

हसू थांबलं. बेकरीवाल्याने टोपी काढली आणि मग आपण ती का काढली हे न कळून पुन्हा घातली. ज्याची तक्रार संपली तो सोडून चालला, एवढं तिथे सगळ्यांना कळत होतं.

"धाकटीला देतोय," अप्पा म्हणाले आणि किल्ली पुढे केली.

धाकटीने थोरल्याकडे पाहिलं. थोरला पावाचा तुकडा चिवडत उभा होता, तसाच चिवडत राहिला. आई त्याच्याजवळ सरकली आणि पुटपुटली, "तुला दिली असती तर ते रोज काचेशी येऊन बसले असते. हिच्याकडे निदान नजरेआड तरी होईल."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"नाही. पण बरं झालं."

"सकाळी तू माझ्या बाजूने होतीस, आई."

"मी गाडी जाण्याच्या बाजूने होते," आई म्हणाली. "अजून आहे."

*

धाकटी रोज माणसांना गाडी शिकवते. घाबरलेले पाय, घामेजलेले हात, क्लचवर उभी राहणारी माणसं, सगळं तिने पाहिलं होतं. आज तिचाच पाय घाबरला होता. लहानपणी ती टाकीवर पुढे बसायची, अप्पांच्या दोन हातांच्या मधे, आणि इंजिनाची थरथर तिच्या दातांपर्यंत यायची. बोलली की आवाज थरथरायचा, म्हणून ती मुद्दाम बोलत राहायची. गाडी हवी होती ती त्यासाठी. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. काचेवरून, माशावरून भांडणं सोपं होतं.

तिने पेट्रोलची कळ उघडली, चोक ओढला, किक बाहेर काढली आणि सगळं वजन टाकलं.

फुस्स.

"पहिली," डॉक्टर म्हणाले. पंच ते होते.

"घाई करू नकोस," काका म्हणाले. "चोक अर्धा ठेव."

दुसरी किक. नळकांड्यातून ओला खोकला आला, थोडा निळा धूर, आणि पुन्हा शांत. अप्पा दुसरीकडे, कुंपणाकडे पाहत होते. त्यांच्या अंगठ्याचं नख बोटावर सारखं घासत होतं.

धाकटी उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता. "दादा, काय केलंस तू हिला?"

"मी?"

"सकाळी वर्कशॉपमधून बाहेर पडताना पाहिलं मी तुला. तुला नाही मिळाली म्हणून मला पण मिळू नये?"

"मला तेव्हा माहीत तरी होतं का कोणाला मिळणार ते! मला विचारतेस? काकांना विचार. एक वर्ष अजून अप्पांकडे राहू दे असं मेळावाभर सांगत फिरतायत ते!"

"सांगत होतो," काका म्हणाले. "उघड सांगत होतो. आज ह्याची गेली की उद्या माझी सुझुकी जाणार, हे काय मला कळत नाही? पण गाडीला हात लावणारा माणूस मी नाही. जीभ आवर."

"आवाज खाली," आई म्हणाली आणि सगळ्यांचे आवाज खाली आले, बेकरीवाल्याचासुद्धा, जो बोलतच नव्हता. "डॉक्टर, प्लग काढता येतात ना नियमात? काढा."

डॉक्टरांनी दात काढावा तशा हलक्या हाताने दोन्ही प्लग काढले. ते काळे होते, आणि त्यांच्या टोकांवरून तेल ठिबकत होतं, चक्क ठिबकत होतं. पंचाच्या हक्काने त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत बोट बुडवलं, बोटावर बोट घासलं आणि हुंगलं.

"हे पेट्रोल नाही," ते म्हणाले. "हे सरबत आहे."

आईने हात मागे बांधले. तिची जुनी विद्यार्थिनी असलेली एक बाई उगाचच सरळ उभी राहिली.

"आज सकाळपासून ह्या टाकीत तेल कोणी घातलं? हात वर."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग थोरल्याचा हात कानापर्यंत गेला.

"पेला सरळ होता," तो म्हणाला. "मला वाटलं राहिलंय. एकच माप घातलं."

"मग उलटा का नाही टांगलास?" धाकटीने विचारलं, पण तिचा आवाज बदलला होता.

थोरल्याने अप्पांकडे चोरून पाहिलं. "असाच."

धाकटीचा हात वर गेला. "मी पण घातलं. मी गेले तेव्हा सरळच होता."

"आणि तू का नाही उलटा टांगलास?"

"असाच," ती म्हणाली.

काकांनी खोकल्यासारखं केलं. "मी भिंतीवरून आलो होतो. सरळ होता. बघवेना. कोरडं इंजिन सुरू करायची कल्पनाच... घातलं."

"आणि पेला?"

"होता तसा ठेवला. उगाच कशाला कोणाला कळायला हवं."

आता सगळे आईकडे पाहत होते, कारण तिचे मागे बांधलेले हात सुटले होते. एक हात हळूहळू, फार नाखुशीने वर आला.

"तू?" थोरला ओरडला. "तुला तर ती भंगारात हवी होती!"

"भंगारात हवी, पेटायला नको!" आई कडाडली. "मला काय कळतं त्यातलं? पेला सरळ म्हणजे ह्यांचं राहिलं, एवढं कळतं. दर वेळी तेच करते. गेल्या थंडीपासून."

"मी उन्हाळ्यापासून," थोरला म्हणाला.

"मी पण," धाकटी म्हणाली.

काकांनी नुसती मान हलवली.

अंगणात बेकरीवाल्याला हसू आवरेना. त्याने ते पावात दाबलं. पण अप्पा हसत नव्हते. वर्षभर गाडी धूर जास्त टाकत होती. आठवड्याला प्लग घासून त्यांची बोटं काळी झाली होती. इंजिन म्हातारं झालं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, आपल्याबरोबर तेही चाललं म्हणून एकटेच उदास झाले होते, थोडे समाधानीही. आणि इकडे अख्खं घर त्यांच्या मागून दबक्या पावलांनी येऊन तेल ओतत होतं, त्यांना कळू नये म्हणून पेला सरळ टांगत होतं. म्हणजे आपण विसरतो. खरंच विसरत होतो. इतक्या वेळा, की चार माणसांना त्याची सवय झाली.

"अप्पा," धाकटी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही घातलंच नव्हतं ना? राहिलं असेल. होतं असं."

"होतं," आई लगेच म्हणाली. "सगळ्यांचंच होतं. मी चष्मा डोक्यावर ठेवून शोधत होते सकाळी."

सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी वाट मोकळी करून दिली होती. फक्त मान डोलवायची. विसरलो म्हणायचं, की प्रकरण मिटलं. उरलेली एक किक फुकट जाणार हे सरबत पाहून कोणीही सांगितलं असतं. गाडी वर्षभर त्यांचीच. वर सगळ्यांची माया.

अप्पांनी आईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती त्यांना सोसवेना. तापात पडलेल्या मुलाकडे असं पाहतात.

"घातलं होतं," ते म्हणाले.

"हो हो, असेल," आई म्हणाली.

"असेल नाही. घातलं होतं. रेघेपर्यंत. आणि मग पेला सरळ टांगला. विसरून नाही. मुद्दाम."

"मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यातलं कोणीतरी अजून एक माप घालेल. म्हणजे ही सुरू होणार नाही. म्हणजे माझ्याकडेच राहील." ते आईकडे वळले. "मला नाही द्यायची, अगं. मला कोणालाच नाही द्यायची. मी तुम्हाला फसवत होतो."

थोरल्याचा जबडा आवळला गेला. धाकटीच्या हातातली किल्ली खाली आली. स्वतःच केलेला नियम स्वतःच मोडणारा माणूस त्या मेळाव्याने आधी पाहिला नव्हता, आणि तो अप्पा असतील असं तर कोणाला वाटलंच नसतं.

तेवढ्यात आई हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात काढून.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "आठवणीने? ठरवून केलंत?"

"हो."

"पेला सरळ टांगायचा, कोणीतरी येणार, तेल घालणार, प्लग भिजणार, एवढा सगळा विचार केलात?"

"केला."

"लबाड!" आई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. "अहो, मला वाटलं डोकं गेलं तुमचं. रोज वाटतं. आज पेला बघितला आणि तिथेच बसले मी दहा मिनिटं. नुसते लबाडच आहात होय!"

"थोडा विसरतोही," अप्पा म्हणाले.

"ते बघू नंतर."

धाकटीने किल्ली त्यांच्यासमोर धरली. "एक किक उरली आहे. ती मी मारणार नाही. राहू दे तुमच्याकडे."

"टाकी रिकामी करून नवीन पेट्रोल भरू," डॉक्टर म्हणाले. "आजचा नियम बाजूला ठेवू."

अप्पांनी किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला असता तर ती त्यांची होती, आता तर सर्वांच्या संमतीने. त्यांनी खिशातून फडकं काढलं, डॉक्टरांच्या हातातले प्लग घेतले आणि ते पुसू लागले.

"टाकी रिकामी करायची नाही," ते म्हणाले. "सगळ्या घराने घातलंय ते. जळू दे." मग धाकटीला, "बस. दुसऱ्या गियरवर टाक, क्लच दाबून धर. मी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही."

"नियमात किक आहे," काका म्हणाले. "धक्का नाही."

"धक्का मारू नये असं कुठे आहे?"

"नाही म्हणजे, तसं नाही."

"मग हात लाव की गाढवा."

काकांनी हात लावला. थोरला क्षणभर लांब उभा राहिला. दिव्याखालची ती रिकामी जागा त्याच्या डोळ्यांसमोर होती. तिथे आता एखादी बिनआवाजाची स्कूटर ठेवावी लागणार. मग तो आला आणि बहिणीच्या पाठीमागे सीटवर खांदा टेकवत म्हणाला, "पडलीस तर काचेत जाईल. लक्षात ठेव." आईने आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीला हात लावला, कुठे धरायचं ते न कळून मागचा दिवाच धरला. आणि सगळ्यात मागे, अधू गुडघ्यानिशी, अप्पा.

फाटकाबाहेर रस्ता उताराचा होता. गाडी सरकली, मग धावली. काका दमून सुटले, आई सुटली, थोरला सुटला. अप्पा लंगडत, धापा टाकत हात लावूनच होते. त्यांचे दोन्ही तळवे मागच्या मडगार्डवर होते.

"सोड!" ते ओरडले.

तिने क्लच सोडला. गाडी आचके देत खोकली, एकदा, पुन्हा, आणि मग दोन्ही सिलिंडर एकदम पेटले. पाच मापांचा धूर निघाला. निळा, दाट, गोडसर वासाचा. रस्ता, फाटक, बेकरीवाल्याची होंडा, सगळं त्यात बुडालं. धुरात खोकणारे लोक एकमेकांना हाका मारत होते आणि दूर कुठेतरी तिचा आवाज चढत चालला होता, स्वच्छ, चिडखोर, पूर्वीसारखा. इंजिन म्हातारं झालेलं नव्हतं.

धूर विरला तेव्हा अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे होते. त्यांचे हात अजून पुढेच होते.

*

ती परत आली तेव्हा पाव संपले होते आणि भांडण दुसऱ्याच विषयावर सुरू झालं होतं. टाकीत निम्मंच उरलं होतं. धाकटीने पेट्रोल भरलं, सगळ्यांदेखत रेघेपर्यंत तेल घातलं, आणि पेला उलटा टांगून खिळ्यावर बोट ठेवत म्हणाली, "दिसतंय ना सगळ्यांना? आता याला कोणी हात लावायचा नाही." थोरला, काका आणि आई, तिघांनी माना डोलावल्या.

नंतर आई खुर्च्या आत घ्यायला आली तेव्हा तिला वर्कशॉपमध्ये अप्पा दिसले. ते खिळ्यासमोर उभे होते. ती दारातच थांबली. या वेळी हाक न मारण्याची पाळी तिची होती.

अप्पांनी पेला खिळ्यावरून काढला आणि सरळ धरला. काही वेळ ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो फडक्याने आतून पुसला, पुन्हा उलटा टांगला, आणि खुर्च्या उचलायला लागले.